घसारा : यंत्रांचा आणि माणसांचा

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक अहवालाबरोबर दरवर्षी जमाखर्चाची पत्रकेही आपल्या हाती येतात. त्यांत ‘घसारा’ या नावाची एक नोंद असते. बहुतेकांची दृष्टी तिच्यावरून सरकून पुढे जाते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे माझी दृष्टी तेथे थांबते. क्ष-किरण यंत्र, रुग्णवाहिका, शस्त्रक्रियागृहातील टेबल, इमारत ही सर्व मालमत्ता वापराने झिजते. ती किती झिजली याचा अंदाज करून तेवढी रक्कम आपण दरवर्षी खर्ची टाकतो. संगणक लवकर निरुपयोगी होतो, म्हणून त्याचा घसारा अधिक. इमारत पुष्कळ वर्षे टिकते, म्हणून तिचा कमी. या नोंदीमागे एक साधी प्रामाणिक कबुली आहे. जी वस्तू आपल्याला सेवा देते, ती सेवा देता देता कमी होत जाते, आणि ही झीज हिशेबात न धरणारी संस्था स्वतःचीच फसवणूक करते.

रुग्णालयात यंत्रांपेक्षा अधिक सेवा माणसे देतात. मात्र त्यांच्या झिजेसाठी हिशेबाच्या कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. आज मी याच विषयावर आपला थोडा वेळ घेणार आहे. विशेषतः जी माणसे आपले गाव, भाषा आणि आप्त मागे ठेवून परमुलखात सेवेसाठी जातात, त्यांच्याविषयी. या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सविस्तर अनुभव महाराष्ट्रात ज्यांच्या पदरी आहे, ते म्हणजे ख्रिस्ती मिशनरी. धर्मप्रसाराविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. आजच्या सभेत त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. परक्या संस्कृतीत राहून काम करणाऱ्या माणसाचे देह आणि मन कशाने टिकते व कशाने मोडते, एवढाच प्रश्न आपण त्यांच्या इतिहासाला विचारू.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ तो हाच. त्यांच्याच तुकडीतील सॅम्युएल न्यूएल हे पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळाले, ते एकटेच. कलकत्त्याहून कंपनी सरकारने परत लावल्यानंतरच्या प्रवासात त्यांची नवजात कन्या गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर त्यांची पत्नी हॅरिएट हिने देह ठेवला. तिचे वय अवघे १९ वर्षांचे होते. नॉट यांची प्रकृती इतकी ढासळली की १८१५ मध्येच त्यांना परतावे लागले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. राहता राहिले हॉल. ते मार्च १८२६ मध्ये नाशिक भागात फिरतीवर असताना सिन्नरजवळच्या दोडी-दापूर येथे त्याच पटकीने गेले. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते आणि जवळ घरचे कोणीही नव्हते. मुंबईत उतरल्यापासून तेरा वर्षांत पहिल्या तुकडीचा हिशेब असा संपला. धैर्य, श्रद्धा आणि विद्वत्ता यांत ही माणसे कोठेही उणी नव्हती. त्यांना पाठविणाऱ्यांनी जहाजाचे भाडे आणि छापखान्याचा खर्च हिशेबात धरला होता. माणूस झिजतो, ही गोष्ट धरली नव्हती. ती धरण्याइतका अनुभवच त्या काळी कोणापाशी नव्हता.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईस आली आणि मुलींच्या शाळा पाहू लागली. दहा वर्षांनी तिची प्रकृती बिघडली, तेव्हा १८३७ मध्ये ती मायदेशी गेली. तेथे विश्रांती घेऊन १८३९ मध्ये परतली आणि अहमदनगरला जाऊन राहिली. पुढे १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे २० वर्षांहून अधिक काळ, तिने नगरला मुलींना शिकविले. जोतीराव फुले यांनी नगरला मिस फॅरार यांची शाळा पाहिली आणि मुलींच्या शिक्षणाची त्यांची ओढ तेथे दृढ झाली, हे आपण सर्व जाणता. सज्जनहो, त्या दोन वर्षांच्या रजेचा खर्च कोणीतरी सोसला होता. त्या वर्षी एखाद्या हिशेबनिसाने तो ‘अनुत्पादक खर्च’ म्हणून लिहिलाही असेल. मात्र त्या दोन वर्षांच्या बदल्यात काय मिळाले, हे पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या शाळेपर्यंत जाऊन मोजावे लागते.

हळूहळू मिशन संस्था शहाण्या झाल्या. हे शहाणपण त्यांना थडग्यांनी शिकविले. मदुरा येथील अमेरिकन मिशनचे पहिल्या दहा-अकरा वर्षांत अनेक लोक दगावले, तेव्हा त्या मिशनने १८४५ मध्ये पळणीच्या डोंगरावर कोडाईकॅनल येथे दोन घरे बांधली. आज आपण सहलीला जातो ते गाव आजारी माणसांना श्वास घेता यावा म्हणून वसले. आपल्याकडे महाबळेश्वरने तेच काम केले. वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो हे मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. येथील गोरे अधिकारी आणि मिशनरी त्या दिवसांत चिखलदरा गाठत. ठरावीक वर्षे काम झाले की सुमारे एक वर्ष मायदेशी जाण्याची रजा, हा पुढे नियमच झाला. मसुरीजवळ लंढौरला १८५४ मध्ये वुडस्टॉक, कोडाईकॅनलला १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांची शाळा, अशी शिक्षणाची सोय झाली. नव्याने आलेल्याला आरंभीचा काळ केवळ भाषा शिकण्यासाठी मोकळा ठेवण्याची पद्धत पडली. विश्रांती, रजा, मुलांचे शिक्षण आणि भाषा, ही चार खाती त्यांनी उघडली. माणसांचा घसारा भरून काढण्याची तरतूद ती हीच.

या तरतुदीलाही किंमत होती, हे नमूद केले पाहिजे. सात-आठ वर्षांचे मूल शेकडो मैलांवरील शाळेत ठेवायचे आणि वर्षातून काही आठवडे त्याला भेटायचे, ही त्या आईवडिलांची रीत होती. अनेकांनी मुलांना मायदेशी नातलगांकडे ठेवले. सेवेची झीज एका व्यक्तीपुरती राहत नाही. तिच्या कुटुंबालाही ती सोसावी लागते.

आपल्या जिल्ह्यालाही ही माणसे अपरिचित नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन संस्थेचे लोक अकोला, खामगाव, मलकापूर या भागात आले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडात जे हाल झाले, त्या काळात निराधार मुलांना आश्रय देणाऱ्यांत ते होते. खामगावला १८७० मध्येच आगगाडी पोहोचली होती, मलकापूर तर मुख्य मार्गावरच आहे. बुलढाणा शहराला मात्र आजही रेल्वे नाही. अशा ठिकाणी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नाझरीन मिशनचे लेटन ट्रेसी आणि त्यांचे सहकारी येऊन राहिले. याच मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या. शेजारच्या वाशीम येथे, जे तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, त्यांनी १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले आणि जवळजवळ चार दशके सेवा केली. तेथे परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. या सभेत बसलेल्या काही ज्येष्ठांच्या घरी त्या रुग्णालयाची आठवण असेल. गॉर्डन हॉल तेरा वर्षांत संपले आणि स्पायकर बाई चार दशके टिकल्या. औषधशास्त्र पुढे गेले, हे याचे एक कारण खरेच. दुसरे कारण असे की मधल्या शंभर वर्षांत त्यांना पाठविणाऱ्या संस्था माणूस राखायला शिकल्या होत्या.

या शहाणपणाला एक मोठी मर्यादा होती. ही सोय प्रामुख्याने परदेशी सेवकासाठी होती. त्याच दवाखान्यातील देशी कंपाउंडर, त्याच शाळेतील देशी शिक्षक, खेडोपाडी पायी फिरणाऱ्या देशी प्रचारिका यांचे वेतन कमी होते, आणि डोंगरावरचा बंगला त्यांच्यासाठी नव्हता. हा मनुष्य येथलाच आहे, त्याला उन्हाची सवय आहे, असे धरून चालले जाई. वास्तविक परकेपणा सोसण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपणांपैकी अनेकांनी वाचली असतील. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नंतर नगरला त्यांच्याकडे गेल्या. नाशिक ते नगर हे अंतर ते किती! परंतु स्वयंपाकघर, सोवळे, माहेर, शेजार हे सर्व त्या एका प्रवासात मागे पडले. त्या प्रवासासाठी कोणत्याही संस्थेच्या वहीत भाषाशिक्षण नव्हते की विश्रांतीची रजा नव्हती. त्यांना तारले ते त्यांच्या विनोदबुद्धीने. प्रत्येकाला अशी विनोदबुद्धी लाभत नाही आणि संस्थेने तिच्या भरवशावर राहणे उचित नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी क्रमाने कमी झाले. त्यांची रुग्णालये भारतीयांकडे आली. १९७० च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन’सारख्या भारतीय संस्थेने त्यांपैकी अनेक सांभाळली. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी भागात चिंचपाडा येथील रुग्णालय त्याच संस्थेकडे आहे. तिरुनेलवेली येथे १९०३ मध्ये ‘इंडियन मिशनरी सोसायटी’ आणि १९०५ मध्ये सेरामपूर येथे ‘नॅशनल मिशनरी सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हापासून भारतातील माणसे भारतातीलच परक्या मुलखांत जाऊ लागली होती. तमिळ, मल्याळी, मिझो, नागा सेवक आज उत्तरेत आणि मध्य भारतात काम करतात. त्यांना पारपत्र लागत नाही. तरीही भात सोडून भाकरी खाताना, पहिल्या हिवाळ्यात, आणि लेकराच्या शाळेत तिसरीच भाषा ऐकताना जे वाटते, ते परदेशात गेल्यासारखेच असते. १९९७ मध्ये ‘टू व्हॅल्युएबल टू लूज’ या नावाने चौदा देशांतील मिशनरींविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दरवर्षी शंभरांतील सुमारे पाच सेवक काम सोडतात, आणि त्यांतील बहुतेकांचे सोडणे टाळता येण्याजोगे असते, असे त्यात आढळले. कारणे कोणती? मुलांचे प्रश्न, प्रकृती, सहकाऱ्यांशी न जुळणे, आणि पाठविणाऱ्यांकडून आधार न मिळणे. वर निर्देश केलेली चार खाती आणि ही कारणे शेजारी ठेवून पाहा. जेथे खाते उघडलेले नाही, तेथेच गळती आहे.

आता आपल्या घराकडे येतो. आपले रुग्णालय मिशनचे नाही. पण आपल्या रात्रपाळीच्या यादीवर नजर टाकली, तर केरळातील भगिनी दिसतात, मराठवाड्यातील दिसतात, छत्तीसगडमधून आलेल्या दिसतात. आपला रुग्ण ज्यांच्या हाती रात्री निश्चिंत झोपतो, त्यांपैकी अनेकींची स्वतःची आई शेकडो कोसांवर आहे. मलकापूर किंवा शेगाव स्थानकावरून निघून केरळातील घरी जाऊन परत यायचे, तर तीन-चार दिवस केवळ गाडीत जातात. चार दिवसांची रजा मंजूर करणे म्हणजे तिला फलाटावरची रजा देणे होय.

भाषेचा प्रश्न केवळ मनाच्या विरंगुळ्याचा नाही, तो रुग्णाच्या जिवाचा आहे. पुण्याकडे काही वर्षे काम करून चांगले मराठी शिकलेली एक परिचारिका आपल्याकडे रुजू झाली. एका आजोबांनी तिला सांगितले, ‘‘पोट दुखून राह्यलं.’’ पुण्याकडे ‘दुखायचं राहिलं’ म्हणजे दुखणे थांबले. आपल्या वऱ्हाडीत ‘दुखून राह्यलं’ म्हणजे अजून दुखतेच आहे. ती हसून पुढे निघाली, तोच कक्षातील मावशींनी तिला थांबविले आणि आजोबांकडे परत नेले. त्या मावशींनी त्या क्षणी भाषाशिक्षकाचे काम केले. असे शिक्षण योगायोगावर सोडावे का, हा माझा प्रश्न आहे.

सेवा दीर्घकाळ कशी टिकवावी याचा धडा घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचेही कारण नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येतात, आपली पाळी संपली की घरी जातात आणि पुन्हा पाळी आली की आनंदाने परततात. तेथील सेवेची जी शिस्त आणि प्रसन्नता आपण पाहतो, तिच्या मुळाशी ही पाळी आहे. सेवेकऱ्याला घर आहे, शेत आहे, हे तेथे विसरले जात नाही. व्यवस्थापकीय विश्वस्त कै. शिवशंकरभाऊ पाटील यांच्या व्यवस्थापनाची सर्वदूर वाखाणणी झाली. तिच्यात सेवेकऱ्याच्या विसाव्याचाही वाटा आहे, असे मला वाटते.

या सर्व विचारातून मी विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे चार सूचना ठेवीत आहे. पहिली, बाहेरून आलेल्या प्रत्येक नव्या परिचारिकेस व तंत्रज्ञास पहिल्या महिन्यात रोज एक तास वऱ्हाडी बोलीचा परिचय करून द्यावा, आणि तो आपल्या ज्येष्ठ मावशींनी द्यावा. त्यांना त्याचे मानधन मिळावे. दुसरी, दूरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा घरी जाण्याचे रेल्वेभाडे द्यावे आणि प्रवासाचे दिवस रजेत धरू नयेत. तिसरी, आई-वडील अत्यवस्थ असल्याची तार पूर्वी येत असे, आता फोन येतो. तो आल्यास त्याच दिवशी निघता यावे म्हणून बदली कर्मचाऱ्याची आणि आगाऊ रकमेची व्यवस्था आधीच करून ठेवावी. चौथी, महिन्यातून एकदा बाहेरच्या एखाद्या अनुभवी समुपदेशकाने येथे बसावे. त्याच्याशी झालेले बोलणे माझ्या कार्यालयापर्यंत येऊ नये. ज्याच्या हाती रजा आणि वेतनवाढ आहे, त्याच्यासमोर कोणीही मन मोकळे करीत नाही, आणि करू नये हेच योग्य आहे. देशी आणि परका असा भेद मिशनच्या वहीत राहिला होता, तो आपल्या वहीत नसावा. स्थानिक कर्मचाऱ्यांनाही चौथी सूचना तितकीच लागू असावी.

या रकमा कोठे दाखवायच्या, हा प्रश्न मला विचारला जाईल. सार्वजनिक न्यासाच्या उत्पन्न-खर्च पत्रकात ‘आस्थापना खर्च’ असे एक शीर्षक असते. ते जितके लहान, तितकी संस्था चांगली, असे देणगीदारांना वाटते. आणि ते वाटणे काही अंशी योग्यही आहे. त्यामुळे या शीर्षकाखाली माणसांवर चार पैसे अधिक खर्च करताना प्रत्येक प्रशासकाचा हात आखडतो. परंतु त्याच पत्रकात विशिष्ट निधीकडे रक्कम वर्ग करण्याचीही सोय आहे. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यासाठी असा एक स्वतंत्र निधी निर्माण करावा, त्यात दरवर्षी ठरावीक रक्कम वर्ग व्हावी, आणि तिचा हिशेब घसाऱ्याइतक्याच नियमितपणे अहवालात छापला जावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या वर्षी रक्कम लहान असली तरी चालेल. नोंद सुरू झाली पाहिजे.

शेवटी देणगीदारांशी दोन शब्द. आपण दिलेल्या यंत्रांवर आणि खोल्यांवर आपल्या वाडवडिलांच्या नावाच्या पाट्या आहेत. त्या असाव्यात, त्यांतून इतरांना प्रेरणा मिळते. मी आज मागतो आहे त्या देणगीवर पाटी लावता येणार नाही. रेल्वेच्या तिकिटावर नाव कोरता येत नाही. एखादी मुलगी आईच्या अखेरच्या क्षणी वेळेवर पोहोचली, याचा फलकही लावता येत नाही. परंतु ती परत येईल, आणि पुढची दहा वर्षे आपल्या जिल्ह्यातील माणसे तिच्या हाती सुरक्षित राहतील. रुग्णांच्या आप्तेष्टांना माझे सांगणे इतकेच की आपल्या माणसाला घरी नेताना त्या सिस्टरला तिचे गाव कोणते ते विचारा. तिला ते सांगायला आवडते.

विश्वस्त मंडळाने या सूचनांवर येत्या सभेत विचार करावा, ही प्रार्थना करतो.